डावीकडे बोटभर

गाडी सरळच जायची. तक्रार एवढीच
की स्टिअरिंग डावीकडे कललेलं,
कमी ऐकू येणाऱ्यानं मान तिरकी करावी तसं.

सातपूरच्या एकानं चाकच उपसलं,
दोन दाते फिरवून बसवलं, दोनशे घेतले.
दिसायला झकास.
पण तेव्हापासून उजवा इंडिकेटर
वळण संपलं तरी टिकटिकत राहायचा.

वडाळा नाक्यावर निसारभाईंनी आधी
चाक होतं तसं वाकडं करून ठेवलं.
मग गाडीखाली गेले.
"टायरॉड वाकलाय. कुठं आदळली?"

घरी सांगितलं होतं, जुनी झाली आता.
नव्याण्णवची मारुती,
काहीही खपतं तिच्या नावावर.
इथं मात्र समोर नुसते बूट होते,
म्हणून असेल, बोलून गेलो:
पाथर्डी फाटा, दुभाजक, रात्रीचे अकरा.
प्यालेलो नव्हतो. चिडलेलो होतो.

बुटांनी पुढं विचारलं नाही.
नवा रॉड. एकीकडे दीड आटा सोडला,
दुसरीकडे दीड आटा आवळला.
"दोन्हीकडं सारखंच द्यायचं,
नाहीतर परत तेच."

घरी काय सांगायचं
ते द्वारकेच्या सिग्नलपर्यंत ठरेना.
उजवीकडे वळलो.
इंडिकेटर आपला आपण बंद झाला.