अंकलीच्या नावेची दोन झाकणं

निंगाप्पा भोई पोत्यातून घेऊन आला
जुनी झाकणं, म्हणजे त्यांचं जे उरलं होतं ते:
भिजल्या वहीसारखे सुटलेले प्लायवुडचे पापुद्रे,
एक गंजकी बिजागरी, आणि मासळीचा वास
जो दिवसभर दुकानातल्या सरसाच्या वासाशी भांडत राहिला.

मी म्हटलं, चुकलास बाबा. ही गल्ली तंबोऱ्यांची.
सुतार बसतात मिरज स्टेशनाच्या अंगाला.
तो म्हणाला, मागची सुताराकडनंच आणलीती की ओ.
तुमचं लाकूड नीट बसतंय म्हणं,
सूर गळत न्हाई.

काय बोलणार.

अंकलीला पुलाखाली नाव काठावर ओढलेली.
सोळा फुटी, डांबर फासलेली,
पुढे जाळ्याचा खण, मधे मासळीचा.
गुण्या लावला; एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ.
जन्मभर एकाच अंगावर ओढली की नाव तशीच होते.
माझा उजवा खांदा बघा.
त्याची सून गौरव्वा मरळ खवलत होती,
मान वर न करता म्हणाली,
मापं कशाला लिवताय, ती रोज बदलत्यात.
मी लिहिली.

माळ्यावर आठ वर्षं सुकवलेला तूण होता,
त्याला हात लावला नाही. तेवढा मोठा मी नाही.
मोडक्या कपाटाचं सागवानी दार फाडलं.
वरून किंचित बाक दिला, पाणी ठरू नये म्हणून,
तबलीला देतो तेवढाच;
रंध्याला पाठ होता, त्यानं मला विचारलंसुद्धा नाही.
खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी.
झाकण कडेत ठेवलं की आतली हवा
उसासा टाकून बाहेर यायची,
फटीत कागद सरकायचा नाही.
बोटानं टिचकी मारली, सवय.
काळी दोनच्या जरा खाली वाजलं.
त्या रात्री मी छान झोपलो.

सहाव्या दिवशी निंगाप्पा दारात, हातात पहार.
उघडंना की ओ.

लाकूड पाणी प्यालं होतं.
जाळ्याचं झाकण कसंबसं निघालं,
मासळीचं नाही. आत रात्रीपासून अकरा किलो,
वर वैशाखाचं ऊन,
आणि नावेवर गुडघे टेकून मी
माझीच कड माझ्याच पटाशीनं फोडत होतो.
उघडल्यावर तिघंही मागे सरलो.
गौरव्वा काही बोलली नाही,
ते तिचे उपकार.

परतताना सायकल हातात धरून चालत आलो.
बेचाळीस वर्षं मी झाकणंच केली की.
भोपळ्यावर तबली चढवायची, सरस भरायचा,
सुतळीनं आवळायचं, संपलं;
ती पुन्हा उघडायची नसते.
वडील तबली बसवण्याआधी भोपळ्याच्या आत
पेन्सिलनं काहीतरी लिहायचे.
काय, ते मी कधी विचारलं नाही.
ते तंबोरे अजून कुठे कुठे वाजतात,
आणि वाचायचं तर फोडावे लागतील.

दुसऱ्यांदा घट्टपणाची हाव सोडली.
जाड पाच रुपयांचं जुनं नाणं
चारी कडांनी उभं फिरवत नेलं,
अडलं तिथं रंधा.
कड बाहेरून दोन बोटं खाली उतरवली,
पाऊस आला तर बाहेरच्या बाहेर जाईल,
लाकूड फुगलं तर फुगू दे, त्याला जागा आहे.
मुठीला एक तडकलेली घोडी बसवली,
जवारी न लागलेली, कधीची पडून होती.
टिचकी मारली. काहीच सूर नाही,
नुसता ठक.

मग आतल्या बाजूला, कुणाला सांगू नका,
पेन्सिलनं माप लिहिलं, तारीख, आणि माझं नाव.

परवा मजुरी म्हणून वाम घ्यायला गेलो.
झाकण उलटं पडलं होतं उन्हात.
माझ्या नावाखाली गौरव्वाचं अक्षर, तिरकं:
मरळ तीन. वाम एक. बर्फाचे चाळीस बाकी.