ताई कार्ड

कार्डावर कन्नडात छापलंय : तायी. म्हणजे आई.
मी दीड महिना त्याला ताई कार्ड म्हणत होते,
वाटायचं, थोरल्या बहिणीसारखं काहीतरी
दवाखान्यानं हातात दिलंय, रागावणारं, पण आपलं.

पहिल्या सुया झाल्या त्या रात्री रेणू तापली.
वडगावातले सगळे माग थांबले
तरी तिचं कण्हणं माझ्या कानात धोट्यासारखं
इकडून तिकडं, तिकडून इकडं.
दोन्ही मांड्यांवर लाल टिकल्या.
दुसऱ्या दिवशी दुपारी ती हसली.
मी नाही हसले.

मग डॉक्टर शोधायला निघाले.
लस नको असं नव्हतं, हे आधीच सांगते,
कारण सगळ्यांना तेच वाटलं.
मला हवा होता एक माणूस जो म्हणेल,
होय, एकेक घेऊ. सावकाश. तुमच्या चालीनं.

टिळकवाडीत किल्लेदार डॉक्टरांनी
पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.
"हे हॉटेलातलं मेनूकार्ड नव्हे, बाई."
शहापुरात एकीनं विचारलं, "मोबाईलवर वाचलंत काय?"
वाचलं होतं. म्हणून मान खाली घातली.
गडहिंग्लजला मावशीकडं गेले,
वाटलं, हद्द ओलांडली की काही बदलत असेल.
पाट्यांवरची अक्षरं बदलली.
भिंतीवरचा तक्ता तोच :
दीड महिना, अडीच, साडेतीन.

चिकोडीत एकजण भेटला.
माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला.
"तुम्ही म्हणाल तसं. तीन महिने थांबा, सहा थांबा."
रेणू त्याच्या टेबलाची कड चोखत होती,
त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही.
इतके दिवस जे मागत फिरले ते पर्समध्ये घालून
बसमध्ये बसले,
आणि संकेश्वर यायच्या आत
ते 'हो' कुठंतरी गळून पडलं.

परशराम म्हणाला, "किती फिरूलालीस गे,
एक काय ते ठरव की."

गोवावेसला पट्टणशेट्टी डॉक्टर.
लाईट गेलेले. कागदाच्या पुठ्ठ्यानं
त्या रेणूला वारा घालत होत्या, स्वतःला नाही.
तिनं लाथ मारली म्हणून वजन दोनदा केलं.
मग म्हणाल्या, "भीती कशाची वाटते?
लशीची, की त्या रात्रीची?"

मी तोंड उघडलं
आणि टोपडं सारखं करत बसले.

"उशिरानं देणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू.
डांग्या खोकल्याला कॅलेंडर वाचता येत नाही,
कन्नड नाही, मराठी नाही.
तुम्ही मोकळे ठेवाल ते आठवडे त्याला मोकळेच.
पण ताप आला तर रात्री दोनला फोन करा. मी उचलते."
आणि तापाच्या औषधाचे थेंब वजनावरून काढून
आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

पटलं असं नाही म्हणणार.
बसमध्ये मनातल्या मनात भांडत आले,
जिंकलेही एक-दोनदा.

तरी अडीच महिन्यांच्या बुधवारी
गंगव्वा सिस्टरनं मांडी धरली,
"अंजब्याड्री," म्हणाली, कुणाला कोण जाणे,
रेणूला कन्नड येत नाही आणि मला थोडंच.

रात्री दोनला फोन केला.
"किती ताप आहे?"
"नाही आला."
"मग?"
"काही नाही. सांगावंसं वाटलं."
पलीकडं एक लांब जांभई.
"मग झोपा की."

मी झोपले नाही.
कार्ड उघडून साडेतीनचा रिकामा चौकोन बघत बसले,
आणि त्यावरची अक्षरं
एकेक जुळवून वाचून बघितली.
ता. यी.