मळहात

सोयरू वेळीपच्या मांडीवरचं कातडं,
पोस्टाच्या तिकिटाएवढं,
बांबोळीहून आलं ते बर्फाच्या डब्यात.
मोटरसायकलवाल्या पायलटला वाटलं, इसवण.

त्यातल्या मूळ पेशी मी सुट्या केल्या,
बशीत पेरल्या, गुलाबी पाणी घातलं,
आणि सदतीस अंशांच्या कपाटाचं दार
मूल निजलेल्या खोलीचं लावावं तसं लावलं.

दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं.
गुलाबी पिवळट झालं की समजायचं, जेवल्या.
शिगम्याच्या दिवशीही आले,
म्हार्दोळहून पहिल्या बसनं.
नखांतला गुलाल तीनदा घासूनही जाईना,
मग दोन मोजे चढवले, एकावर एक.
वीज गेली त्या रात्री जनरेटरवाल्याला
मी जे काय बोलले ते इथे लिहीत नाही.

विसाव्या दिवशी बशीत साय धरली होती.
खरंच साय, चिमट्यानं उचलताना सुरकुतणारी.
केस नाहीत, घाम नाही,
एकही ऊन न पाहिलेली.

शस्त्रक्रियेआधी सोयरूनं ती काचेतून बघितली.
खोतीगावात त्याची काजूची भाटी, आज्यापासूनची.
भाण फुटलं आणि उकळता रस उजव्या हातावर.
"हे कोणाचं?"
तुमचंच.
"म्हणजे पुन्हा शिकवायचं आलं."
मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं:
भाणाखालचा जाळ तो मळहातानं बघायचा.
नुसता जवळ न्यायचा.
हातानं पुरे म्हटलं की लाकूड मागे ओढायचं.
माझ्या कपाटाला आकडे आहेत, लाल, दशांशासकट.
मी गप्प बसले.

कातडं धरलं. डॉक्टर खूश.
फोटो निघाले, एक जिन्यात लागला.
तपासणीला आला की सोयरू
माझ्या चहाच्या कपाशी हात न्यायचा,
थांबायचा,
मान हलवायचा.
पावसात दोनदा, दिवाळीनंतर एकदा.
मी कप तसाच भरलेला ठेवायला लागले.

काजूंना मोहर आला तेव्हा फोन.
मागे कोंबडा ओरडत होता.
"बाय, डास चावला."
कुठं?
"नव्यावर. खाजतंय."
खाजवू नका, नखं लागतील,
हे सांगायचं माझं काम होतं.
सांगितलं नाही.
फोन कानाशी धरून उभी राहिले.
तिकडे तो खाजवत होता,
मला ऐकू येत होतं.