हवा बघणं

सव्वीस वर्षं मी मीटरचं रीडिंग घेत सांगलीभर फिरले.
जिन्याखाली वाकायचं, आकडे टिपायचे, एवढंच काम.
पण घर आधी अंगाला लागतं,
आकडे मागून दिसतात.

खणभागात एक घर होतं, फरशीत तोंड दिसेल असं लख्ख.
तिथं दर महिन्याला माझ्या हातातून पेन पडायचं.
आणि वखारभागात एक खोली,
तिघींची अंथरुणं, एक स्टोव्ह, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ,
तिथून निघताना मी चपला उगाच सावकाश घालायचे.
कुणाला सांगणार? फॉर्मवर तसला रकाना नव्हता.

मग रिटायर होता होता आमचंही घर झालं.
हरिपूरला, दीड गुंठ्यात.
जागा पेवाची. खाली चार पुरुष खोल पोकळी होती,
हळद पोटात घेऊन वर्षानुवर्षं गप्प बसलेली.
पुराचं पाणी शिरलं, पेव खचलं,
मालकानं मुरूम टाकून बुजवलं,
म्हणून तर आम्हाला परवडलं.
"पोकळीवर घर?" नणंद म्हणाली,
"वास्तुशांत तरी दणक्यात करा."

वास्तुशांत शुक्रवारी. गुरुवारी मी दस्तगीरमामांना बोलावलं.
नदाफांचे. चाळीस वर्षं पेवात उतरलेले,
आता गुडघे पायरीसुद्धा उतरू देत नाहीत.
पेव उघडलं की पहिल्यांदा माणूस सोडत नसत,
दोराला बांधून कंदील सोडत.
ज्योत राहिली तर माणूस राहील.
विझली, तर झाकण उघडं टाकून घरी जायचं,
भाकरी खायची, उद्या बघायचं.
"हवा बगनं म्हनत्यात त्येला," मामा म्हणाले,
"देव बगनं न्हवं. हवा."

कंदील त्यांनी पिशवीतून आणला होता, काच पंच्यात गुंडाळून.
रॉकेल कुठून मिळवलं, मी विचारलं नाही.
प्रत्येक खोलीत मधोमध ठेवायचा
आणि स्टुलावर बसून बघत राहायचं.
सैपाकघरात ज्योत सरळ. पुढच्या खोलीत सरळ.
न्हाणीत जराशी नाचली.
"पान्याची जागा. चालायचंच."

मागच्या खोलीत ती कलली.
खिडकी बंद, पंखा अजून बसलेला नाही,
तरी एका कोपऱ्यापासून लांब, अंग चोरल्यागत.
माझ्या पोटातला मुरूम हलला.
"मामा, खालचं काही? पेवात कुणी...?"
ते बराच वेळ बोलले नाहीत.
"खालचं न्हाई. हळद वंगाळ काय ठिवून घेत न्हाई.
ह्ये वरचं हाय. ताजं हाय.
हितं कुनीतरी बसून रडलंया."

स्लॅबच्या आधीचा महिना.
बँकेचा हप्ता अडकलेला, गवंडी उठून गेलेले,
ह्यांचा नि माझा अबोला,
आणि त्या कोपऱ्यात विटांच्या चळतीवर,
डोक्यावरचं हेल्मेटही न काढता,
मीच.
जगाच्या घरांची हवा ओळखत हिंडणारी बाई,
स्वतःची इथं सांडून ड्यूटीवर गेले होते.

"मग आता?"
"झाकन उघडं टाकायचं. खिडकी लावू नगंस.
आन् चार दिस हितंच बसून जेवायचं."
कंदील त्यांनी फुंकला नाही.
वात खाली खाली नेली, तिची ती जाऊ दिली.
निघताना उंबऱ्याला बोटं टेकवली
आणि आपल्याच खिशाला पुसली.

शुक्रवारी गुरुजी आले. होम झाला, डोळ्यांत धूर गेला,
वास्तुपुरुष आग्नेयेला पुरला, नणंदेनं पेढे वाटले.
मी हात जोडले ते खोटे नव्हते.
पण रात्री पानं मागच्या खोलीतच मांडली.
ह्यांनी न विचारता माझ्या ताटात ठेचा वाढला.
त्या महिन्याबद्दल आमचं बोलणं झालं ते एवढंच.

पुढच्या महिन्यात रीडिंगला नवा पोरगा आला.
मीटर दाराबाहेरच. फोटो काढला, बिल दिलं.
पायांत बूट, खाली गाडी चालूच,
तरी जरासा उभा राहिला.

मी पाणी आणायला आत गेले.