देठ

सासूबाईंना फोनवर सांगितलं, हर्निया.
ऑफिसात सांगितलं, एक छोटंसं काम आहे.
खरं ठाऊक होतं मला, डॉक्टर ब्रेनरना
आणि सुधन्वाला,
जो महिनाभर "पण कशाला?" म्हणत होता
आणि नंतर पंधरा दिवस
माझ्या कमरेशी लोंबणाऱ्या नळ्यांतलं लालसर पाणी
मोजून वहीत लिहीत होता, सकाळ-संध्याकाळ,
दुधाचा हिशेब ठेवावा तसा.

कशाला, ते मलाही नीट सांगता आलं नाही.
पंचवीस वर्षं सलवारीची नाडी
ज्या घडीखाली हरवायची, ती घडी नको होती.
एवढंच. कुणी मागितलं नव्हतं.

पहिले दहा दिवस मी काटकोनात चालले,
पलंग ते बाथरूम, जमिनीकडे बघत,
कानातलं पडल्यासारखी.
खोकला आला की पोटाशी उशी.
हसू आलं तरी उशी.
सुधन्वाला विनोद करायची बंदी घातली
तर जन्मात पहिल्यांदा त्याला विनोद सुचायला लागले.

दहा पौंडांवर काही उचलायचं नाही, सहा आठवडे.
तांदळाची पिशवी नाही, ओली चादर नाही,
भरलेला कुकर नाही.
माझ्याच ओट्यापाशी मी पाहुणीसारखी उभी.

डॉक्टरांनी आधी कागदावर काढून दाखवलं होतं:
कातडी सुटी करून खाली ओढायची,
उरेल ती कापायची,
सिझेरियनचा जुना व्रण तिच्याबरोबरच जाईल.
आणि बेंबी?
ती हलत नाही, म्हणाले. आत देठाला धरून असते.
ओढलेल्या कातडीला नवं भोक पाडून
तिला परत बाहेर काढतो.
देठ. त्यांच्या भाषेतही तोच शब्द.
मी नुसती मान हलवली.
हे काही मला कुणी शिकवायला नको होतं.

मार्चात बर्फ वितळलं तशी जिन्यावर गेले.
पिट्सबर्गात काही रस्ते नकाशात रस्ते असतात
आणि जागेवर जाऊन बघावं तर नुसत्या पायऱ्या.
आमच्या मागच्या एकशे अठ्ठ्याहत्तर,
कठडा गंजका, गार.
पहिल्या दिवशी अकरा.
दुसऱ्या दिवशीही अकराच.
मग एकतीस, मग सूज येऊन पट्टा लागेना,
चार दिवस शून्य.

सातव्या आठवड्यात एकशे चौथ्या पायरीवर होते,
वरून मिस्टर नोवॉटनींचा कुत्रा सुटला,
साखळी खणखणवत, थेट खाली बसच्या रस्त्याकडे,
आणि मी ओरडले,
"अरे ए! थांब! थांब मेल्या!"
बेंबीच्या देठापासून.
हात पोटाकडे गेला तो नंतर.
कुत्रा थांबला. त्याला कुठून मराठी येणार, पण थांबला.
मी चाचपून पाहिलं.
काही उसवलं नव्हतं.

एप्रिलअखेर विमान. पोर्टलंड, मृण्मयीकडे.
तपासणीत हात वर करून उभी राहिले
तर पडद्यावरच्या बाहुलीच्या पोटावर पिवळा चौकोन.
इथे काय आहे, बाईने हातमोजे चढवत विचारलं.
पट्टा, म्हटलं. ऑपरेशन झालंय.
तिने हाताच्या पाठीने दाबून पाहिलं.
कातडी अजून बधिर;
तिचा हात मला दिसला, लागला नाही.
"ऑल गुड, हनी."
बॅग वर ठेवायला शेजारच्या मुलाला सांगितलं.
असं कुणाला सांगायची सवय नव्हती.

मृण्मयीने मिठी मारली ती बाजूने,
कडेपर्यंत भरलेली कळशी धरावी तशी.
फोनवर चिडली होती:
आई, तूच ना म्हणायचीस, किती बघशील आरशात?
रात्री म्हणाली, दाखव.
दिव्याखाली बराच वेळ बघत राहिली.
"म्हणजे माझी खूण गेली?"
गेली.
"मग ही कुणाची?"
माझी.

बरं, म्हणाली, आणि दिवा मालवला.
सकाळी टेकडीवर न्यायचं म्हणते.
बूट मी घरी विसरलेय.
तिचे मला अर्धा नंबर मोठे होतात.
दोन मोजे घालीन.