शून्य

डिसेंबरात गोदावरी बंदाघाटाच्या चार पायऱ्या खाली असते.
शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटतात.
मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
तरी जुन्या पुलाच्या खांबाकडं बघितल्याशिवाय
चहा घशाखाली उतरत नाही.
पट्टीवरचे काळे-पांढरे घर पुसत चाललेत.
नवा पोरगा म्हणे वरूनच वाचतो.

दहाला उत्पलाचा फोन येतो.
तिथं तेव्हा साडेपाच, अंधार,
ती जहाजाच्या तळातल्या खोलीत, पाण्याच्या रेषेखाली,
गणवेशाची बटणं लावत बोलते.

पाणी वाढायलंय, पप्पा.
किती?
सहा मीटर चाळीस.
तासाला?
पाच-सहा सेंटीमीटर.
पाऊस, का बर्फ?
दोन्ही. वरच्या डोंगरातलं वितळायलंय.

जेवलीस का, हे राहूनच जातं.
तिच्या आईनं आधी तेच विचारलं असतं.
माझं शून्य वेगळं, तिच्या नदीचं वेगळं;
आमचे आकडे समुद्रापासून मोजलेले, तीनशेच्या पुढचे.
सहा मीटर म्हणजे किती, ते मला अंगाला कळत नाही.
तरी मी वहीत मांडून ठेवतो.

भीती बुडायची नसते, ती सांगते.
अडचण पुलाची असते.
पाणी वर आलं की पूल खाली येतो.
मी हसलो. चाळीस वर्षं
पाणी पुलाला कधी लागतं, तेच बघत बसलो,
पाण्यावरून जाणाऱ्याचं डोकं मोजायचं सुचलं नाही.

गेल्या नाताळात र्‍हाईन अशीच चढली.
एकशे चाळीस म्हातारे, बाजारातले दिवे बघायला आलेले,
त्यांना बसनं नेलं पुलापलीकडं,
तिथं त्याच कंपनीचं दुसरं जहाज उभं.
खोलीचा नंबर तोच, भिंतीवरचं चित्र तेच,
उशीवर तेच चॉकलेट.
उत्पलानं बासष्ट बॅगा ओढल्या पावसात.
एक बाई बसमध्ये झोपल्या होत्या,
सकाळी विचारत्या झाल्या,
चर्च काल डावीकडं होतं ना, पोरी?

यंदा कप्तानानं वेगळं केलं.
पोटातल्या टाक्या नदीच्याच पाण्यानं भरल्या,
जहाज जड होऊन वीतभर खाली बसलं.
छतावरचे कठडे आडवे पाडले,
काचेची केबिन मान घालावी तशी आत गेली,
आणि रात्री दोनला, इंजिन हळू करून,
गेले ते पुलाखालून.

हे ऐकताना मला आठवली ती सप्टेंबरची रात्र.
ती देवगिरीनं निघाली होती, मुंबई, तिथून पुढं.
मी स्टेशनावर गेलो नाही.
म्हटलं, ड्यूटी आहे, पाणी वाढायलंय, पट्टी सोडता येत नाही.
गाडीची शिट्टी ऐकली पुलावरून,
हातात टॉर्च, वायरलेसवर आकडा सांगत.

त्या रात्रीचं रजिस्टर अजून ऑफिसात असेल.
निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात, तासातासाला:
तीनशे बावन्न पॉइंट सहा.
पॉइंट चार.
पॉइंट एक.
पाणी उतरत होतं.

तिला माहीत असेल का, मी कधी विचारलं नाही.
हवामानखात्याची मुलगी नाही ती, पण पट्टी वाचायला
मीच शिकवलं होतं, सातवीत.

पप्पा, ऐकताय ना?
हां.
पुलाखालून जाताना वर यायची बंदी असते, पण मी गेले.
हात वर केला, दगड लागला.
ओला होता. आपल्या पुलासारखाच वास.
मग म्हणाली, तुमच्याकडं किती आहे?

काठावरून सांगता आलं असतं, अंदाजानं.
मी चपला काढल्या,
चष्मा पुसला,
चार पायऱ्या उतरून पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिलो.
थांब, म्हटलं,
नीट वाचून सांगतो.