चॅलनर

मे महिन्यात, ज्या उन्हात सोलापुरात
चादर या शब्दानेही घाम फुटतो,
ती बाई दुकानात आली.
पणजोबा इथल्या गिरणीत इंजिनियर होता.
त्याची कबर शोधून थेट इकडे,
सलवारीला कुसळं तशीच.

पावतीवर नाव काय लिहू?
चॅलनर, तिने चारदा सांगितलं.
मी चालनार लिहिलं, मग चालणार.
शेजारचा अंबादास म्हणाला, शालनर लिही,
शाली विकतोस ना.
तिच्या ड्रायव्हरने ते तिला समजावलं
आणि ती एवढी हसली
की हातातलं पाणी चादरींवर सांडलं.

अर्थ जवळपास तोच होता.
फ्रान्सात शालोन नावाचं एक गाव,
तिथून येणारं जाड पांघरूण,
म्हणून पांघरूणच शालोन,
आणि ते विणणारा, विकणारा, चॅलनर.
सहा-सातशे वर्षं झाली.
आता घरात कुणाला
सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणाली.

मला मल्लेशम काका आठवला.
चादरींचा गठ्ठा घेऊन जबलपूरला जायचा.
तिकडे त्याला नावाने कुणी हाक मारली नाही.
ए सोलापुरी, कितने की दी?
तिथेच राहिला, तिथेच गेला.
नातवाच्या दाखल्यावर आडनावाच्या रकान्यात
आता सोलापुरी आहे.

आणि तुमचं?
गुर्रम. तेलुगूत घोडा.
इंटिपेरु म्हणतो आम्ही, घराचं नाव.
कुठल्या घराचं, कुठला घोडा, ठाऊक नाही.
पणजोबा करीमनगरकडून आले ते पायी.
मी एकदाच बसलोय घोड्यावर, वरातीत,
तोही तासाच्या भाड्याचा.

तिला काठावर नाव विणून हवं होतं,
आमच्या अक्षरांत.
एका चादरीसाठी जेकार्डची कार्डं कोण ठोकतं?
सहा तरी घ्याव्या लागतील, मी म्हणालो.
तिने सहांचे पैसे दिले, नेणार एकच.
बाकीच्या ठेवा म्हणाली, तुमच्या काकांच्या नावाने.

महिन्याने पोस्टात एक टाकली.
मागच्या बाजूने नाव उलटं दिसतं,
लालावर पांढरं होतं तिथे पांढऱ्यावर लाल.
तसं सगळ्याच नावांचं होतं.

पाच पडून होत्या दिवाळीपर्यंत.
मग ढिगात घातल्या, निम्म्या भावात.
विडी घरकुलातली एक बाई दोन घेऊन गेली.
काय लिहिलंय हे, विचारलंन जाताना.
मी म्हणालो, चादरवाला.
मग तर बरोबरच आहे, म्हणाली,
आणि आणखी वीस रुपये कमी करायला लावले.